केळशीच्या बंद घरातला फोन

जहाजांवर माणसं पाठवणाऱ्या एका कंपनीच्या रत्नागिरीतल्या कचेरीत मी बरीच वर्षं काम केलं. अठ्ठ्याण्णव साली लागले तेव्हा खलाशांची सगळी माहिती पुठ्ठ्याच्या फायलींत असायची. कोण कुठल्या जहाजावर आहे, कधी उतरणार, काही बरंवाईट झालं तर घरी कोणाला कळवायचं. पुढे कॉम्प्युटर आले, मग मागच्या खोलीत एसीखाली सर्व्हर बसला. आणि दोन हजारचं दशक संपत आलं तेव्हा मुख्य कचेरीतून एक इंजिनिअर आला. कंपनी आता स्वतःचा क्लाउड करणार, असं त्याने सांगितलं.

"क्लाउड म्हणजे ढग ना?" मी विचारलं.

"ढगच, पण आपला, खासगी. सगळ्या शाखांची माहिती मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये एकत्र राहील. तुमची लाइन पावसात तुटते, म्हणून एक प्रत इथल्या सर्व्हरवरही ठेवतोय. रोज संध्याकाळी दोन्ही मशीनं आपसात ताळमेळ घालतील."

"आणि दोघांत फरक निघाला तर?"

"ज्यावर नंतरची तारीख, ते खरं. जुनं आपोआप पुसलं जाईल."

अर्धं इथे, अर्धं तिथे अशा या व्यवस्थेला तो हायब्रिड म्हणाला. भाताच्या बियाण्याखेरीज तो शब्द मी तोवर ऐकला नव्हता.

महिनाभरातच मला काहीतरी खटकायला लागलं. वेळणेश्वरचे आमचे एक सुकाणी घरी सुट्टीवर असताना वारले होते. त्यांचं नाव मी स्वतः यादीतून काढलं होतं. पंधरा दिवसांनी त्यांचा मुलगा कचेरीत येऊन ओरडला.

"बाबांचं तेरावं झालं आमच्याकडे, आणि तुमची मुंबईची माणसं फोन करून विचारतायत, जहाजावर कधी येणार म्हणून!"

मी यादी उघडली. नाव जिथल्या तिथे. समोर शेरा, 'जाण्यास तयार'. मी ते काढलं होतं याची खूणसुद्धा कुठे नव्हती. इंजिनिअरला फोन केला तर तो म्हणाला, "मॅडम, सेव्ह करायचं राहिलं असेल. सिस्टिम स्वतःहून काही करत नाही."

मला ते पटलं. त्यानंतर प्रत्येक नोंद मी दोनदा तपासू लागले. तरी अधूनमधून एखादी जुनी गोष्ट परत आलेली दिसायची. उतरलेला माणूस पुन्हा जहाजावर, बदललेला पत्ता पुन्हा पहिला. स्वतःच्या हातांवरचा माझा विश्वास उडत चालला होता.

आणखी एक होतं, पण त्याचा याच्याशी संबंध असेल असं डोक्यात आलं नाही. वीज फार वेळ गेली की सर्व्हरचं घड्याळ मागे जायचं आणि कित्येक वर्षांपूर्वीची एक जानेवारी दाखवायचं. त्याच्या आतला छोटा सेल संपला होता. लक्षात आलं की मी हाताने तारीख-वेळ लावून टाकायचे. नवा सेल मागवा, असं दोनदा कळवलंही होतं.

श्रावणातल्या एका सकाळी केळशीच्या एका खलाशाची बायको आली. रात्रभर वीज नव्हती, ती नुकतीच परतली होती. घड्याळ चुकलेलं मी पाहिलं आणि नंतर लावू म्हणून तिच्याकडे वळले.

"ताई, नंबर बदलायचाय," ती म्हणाली. "पोरांच्या शाळेसाठी मी आईकडे राजिवड्याला ऱ्हायला आलेय. केळशीच्या घराला कुलूप आहे. हा माझा मोबाईल. लिहून घे हां नीट."

मी फॉर्मवर तिची सही घेतली, तिच्यासमोर नंबर घातला, सेव्ह केला आणि कॉम्प्युटरचा पडदा फिरवून तिला दाखवला. ती समाधानाने गेली. त्या दिवशी कचेरीत गर्दी होती. घड्याळ लावायचं राहून गेलं.

दीड महिन्याने ती परत आली. सोबत तिचा भाऊ होता. ती उभीच राहिली.

"हिचा नवरा गेला," भाऊ म्हणाला. "जहाजावर भाजला होता. परक्या बंदरातल्या इस्पितळात आठ दिवस होता. आम्हाला काल कळलं, ते पण त्याच्या जहाजावरच्या दुसऱ्या पोराकडून."

मी मुंबईला फोन लावला. तिकडून उत्तर आलं, "आम्ही रोज फोन केला होता. कोणी उचलला नाही." कुठल्या नंबरवर? केळशीच्या. नंतर तिथल्या शेजारणीने सांगितलं की बंद घरात घंटा वाजायची, थांबायची, पुन्हा वाजायची. चोरांचा काही डाव असेल म्हणून ती त्या बाजूला जायलाही घाबरत होती.

"चार दिवस तो शुद्धीवर होता," ती माझ्याकडे बघत म्हणाली. "घरी फोन लावा म्हणायचा. माझा नवा नंबर त्याला पाठ नव्हता, मोबाईल जहाजावरच राहिलेला. तू तर माझ्यासमोर लिहिलंस ना, ताई?"

मी हो म्हणून मान हलवली.

इंजिनिअर चौकशीला आला तेव्हा मी त्याला ते घड्याळ दाखवलं. त्याने जुन्या नोंदी काढल्या. घड्याळ मागे असताना मी जे जे लिहिलं, त्यावर कित्येक वर्षं मागची तारीख पडली होती. संध्याकाळी मुंबईच्या मशीनने ते जुनं समजून पुसलं होतं आणि आपल्याकडचं खरोखर जुनं माझ्या सर्व्हरवर परत आणून ठेवलं होतं. प्रत्येक वेळी, न चुकता.

वरून मात्र लेखी आलं ते असं की घरच्यांनी नवा नंबर कळवलेला नव्हता, आणि जुन्या फॉर्मांची फाईल मुंबईला पाठवावी. मी आधी तिच्या फॉर्मची झेरॉक्स काढली, राजिवड्याला जाऊन तिच्या हातात दिली आणि घड्याळाचंही सगळं सांगितलं, माझ्याकडून राहिलं तेसुद्धा. तिने स्वतःच्या सहीवरून बोट फिरवलं. चहा घे म्हणाली नाही. त्या कागदाच्या जोरावर तिच्या भावाने कंपनीकडून चूक झाल्याचं पत्र मिळवलं, त्याला वर्ष लागलं.

त्यानंतर इंजिनिअर आमचा सर्व्हर काढून न्यायला आला. आता सगळं मुंबईलाच राहणार होतं.

"बरं झालं," वायर गुंडाळत तो म्हणाला. "दुसरी प्रतच नाही, तर फरक पडायचा प्रश्नच नाही."

"मग तिथलं चुकलं तर कळणार कसं?"

त्याने गुंडाळलेली वायर पिशवीत टाकली. मी नोकरी सोडली नाही, आणखी तीन वर्षं तिथेच होते. कोणी नंबर बदलायला आलं की मी तो घालायचे, आणि दुसऱ्या दिवशी यादीत दिसेल त्या नंबरवर फोन करून विचारायचे, "तुमचं सगळं ठीक आहे ना?" कंपनीचा फोन म्हटल्यावर माणसं घाबरायची.