पिनमामांचा पिवळा डबा

टीव्ही, टेप आणि व्हीसीआर दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाचं खरं नाव गल्लीत कोणालाच ठाऊक नाही. सगळ्यांचे ते पिनमामा. पुढे दुकान, मागे घर, मध्ये एक पडदा. गिऱ्हाइकाला ते आधी धडा देत, मग वायर. "पिवळी पिन चित्राची. पांढरी डाव्या स्पीकरची, लाल उजव्या. एवढं पाठ केलंत तर मी उपाशी मरेन!"

अलीकडे मात्र मामांना पांढरं धड पांढरं दिसेना. डॉक्टरांनी मोतीबिंदू सांगितला. मामा "हो हो" म्हणाले आणि ऑपरेशन पुढे ढकलत राहिले. मामींनी विषय काढला की यांचा स्क्रू-ड्रायव्हर हरवायचा. खरं म्हणजे मामांची पाचावर धारण बसली होती. डोळ्याचं काही बरंवाईट झालं, तर या हातांनी करायचं काय?

एका सकाळी शाळेतल्या बाई जुना व्हीसीआर आणि एक कॅसेट घेऊन आल्या. त्यांच्या पहिल्यावहिल्या वर्गाचं नाटक होतं त्यात.

"घरच्या नव्या टीव्हीला याची भोकंच नाहीत हो, मामा."

"आपल्याकडे आहेत ना!" मामांनी ऐटीत पिना खोचल्या. टीव्हीचा पडदा काळाठिक्कर, आणि स्पीकरमधून नुसती घर्रर्र!

"हेड गेलं," असं निदान करून त्यांनी व्हीसीआरचे स्क्रू काढायला घेतले.

आतून भांडी घासता घासता मामी ओरडल्या, "अहो, त्या बिचाऱ्याला कशाला फाडताय? पिवळी पांढऱ्यात घातलीत!"

"तुला आतून दिसतं होय गं?"

"दिसायला कशाला हवं? चित्र स्पीकरात घातलं की असंच बोंबलतं. जन्मभर ऐकतेय, तुमच्या गिऱ्हाइकांच्या चुका."

बाईंनी हळूच पिना बदलल्या. पडद्यावर कागदी मुकुट घातलेली पोरं धडपडत आली. "उजेड कमी आहे ना इथे, कोणाचंही चुकेल," बाई म्हणाल्या. बाहेर तर लख्ख ऊन होतं. ते सांभाळून घेणं मामांच्या जिव्हारी लागलं.

रात्री जेवताना ते म्हणाले, "त्या डॉक्टरला फोन कर."

"काय सांगू?"

"म्हणावं, मशीन उघडायला आणतोय."

एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर मामा तडक दुकानात शिरले आणि पिवळ्या पिनांचा डबा उघडला. निम्म्या पांढऱ्याच! एक पिन उचलून त्यांनी एक डोळा मिटला, मग दुसरा. या डोळ्याने पांढरी, त्या डोळ्याने पिवळी.

"अगं, गंमत बघ, ये!"

"नव्या डोळ्याने माझ्याकडे बघू नका. केस पिकलेत माझे."

मामांनी मुद्दाम बघितलं, चांगलं निरखून. "पिकलेत खरे. पण शोभतात तुला." मग डबा टेबलावर उपडा करत म्हणाले, "दुसऱ्या डोळ्याची तारीख जरा लवकरची घे."

मामी फोनकडे वळल्या. मामा पिना निवडायला बसले.