पिकअप गरम होताना

धाकटा भाऊ वारला त्या हिवाळ्यात त्याची पिकअप आमच्या घरासमोर उभीच होती. ती घेऊन तो फोपनार गावाहून केळी आणायचा. एका सकाळी गिऱ्हाईक गाडी बघायला आलं. थंडीमुळं डिझेलचं इंजिन लवकर सुरू होईना. झालं तेव्हा मी म्हणालो, "थोडी गरम होऊ द्या."

तेवढ्यात आई पेल्यात चहा घेऊन बाहेर आली. गाडी गरम होईपर्यंत भाऊ रोज चहा प्यायचा. स्टेअरिंगवर मला बघून ती थबकली.

"आवाज आला, म्हणून आणला," ती म्हणाली.

मी इंजिन बंद केलं. मला तिच्याकडं बघवेना. चहा माझ्या हातात न देता ती तशीच आत गेली. दुपारी गिऱ्हाइकानं गाडी नेली.