वर कुठं अन् खाली कुठं

कापसाला सोन्याचा भाव आला होता तेव्हाची गोष्ट. अमरावतीकडून अकोल्याला कापसाच्या बैलगाड्यांची रीघ लागायची आणि व्यापाऱ्यांना आगगाडीची घाई सुटली होती. म्हणून काटेपूर्णेवरच्या पुलाचं काम रेटून चाललेलं. आम्ही भोई. माझे धनी लहानपणापासून पाण्यातच. विहिरीतली घागर म्हणा, डोहातली नथ म्हणा, बुडी मारून काढून द्यायचे. पुलाच्या खांबांच्या पायासाठी नदीच्या तळात विहिरीसारखे पोकळ बांध खोल उतरवत होते, त्यांच्या तळचे दगड काढायला मुकादमानं त्यांनाच धरलं.

डोक्यावर तांब्याचं भलंमोठं टोपडं चढवायचे आणि वरून दोघं जण पंप हाणून नळीनं आत हवा दाबायचे. आमची रीत अशी, की खोल उतरायचं तर कानात तेलाचा कापूस कोंबून वर मेण थापायचं. आमची बुडी ती केवढी, तेवढ्यात ते निभायचं. टोपड्याखालीही ते तसंच करून उतरायचे. ही दाबाची हवा मात्र नाकातोंडातून कानाशी आतून जाऊन भिडायची, आणि बाहेरून मेणानं वाट बुजलेली. कान फुटेल नाही तर काय होईल? पण हे आम्हाला फार उशिरा कळलं, आग लागो त्या कळण्याला.

एक दिवस ते वर आले ते कानातून रक्त गळत. ओकून ओकून बेजार झाले. "जमीन फिरून राहिली," म्हणाले. रक्त थांबलं, पण ऐकू येणं गेलं आणि तोलही गेला. झोकांड्या खात चालायचे. लोक हसायचे, मी त्यांच्यावर तुटून पडायची. "दारू नाही पेले ते. तुमच्या पुलानं पाजली त्यायले."

पाण्यात जाऊ नका, असं मी हातवारे करकरून सांगितलं.

"पान्यात नाही जाऊ त का करू?" एवढंच म्हणाले. मला रडू आलं.

एका दुपारी मी नदीवर धुणं धूत होते, ते शेजारी काठावर बसलेले. माझा लोटा पाण्यात निसटला. मी त्यांचा हात धरायच्या आत त्यांनी बुडी मारली. पाणी गढूळ. पाय वर दिसले, डोकं नाही. वर कुठं अन् खाली कुठं, तेच त्यांना उमजेना.

"उभे राहा, नुस्ते उभे राहा," मी ओरडत आत शिरले. कोणाला ओरडत होते मी?

पाणी माझ्या छातीपर्यंतच आलं. ओढून काढलं तेव्हा जीव गेला होता, आणि त्यांच्या दोन्ही मुठींत तळाचा गाळ होता.