लांब दांडीचा पाइप

फोन आला तेव्हा मी अमरावतीला ऑफिसात होते. "गेले व तुये मामा," मामी एवढंच म्हणाली आणि तिने फोन ठेवला. त्याला आता दोन महिने होत आले…

मामा अकोल्याला सरकी काढायच्या जिनिंग कारखान्यात कापसाची प्रत ठरवायचे. चिमूटभर कापूस दोन्ही अंगठ्यांत धरून ओढायचा आणि तंतूंची लांबी नजरेने जोखायची. त्यासाठी दोन्ही हात मोकळे लागत, म्हणून जिनमध्ये त्यांच्या तोंडात वाकड्या दांडीचा पाइप असे. तो हनुवटीपाशी लोंबतो, दातांवर भार येत नाही. तो पेटलेला मात्र कधीच नसे, कापसाच्या गंज्यांजवळ काडी कोण ओढणार? दिवसभर मामा रिकामा पाइप चावत काम करत. घरी आले की सरळ, आखूड दांडीचा निघे. साफ करायला तो सोपा, तार आरपार जाते. पण धूर थेट डोळ्यांत जातो, त्यामुळे पेपर वाचताना मामांचा एक डोळा कायम मिटलेला. मामी या सगळ्यांना सरसकट 'इलायती चिलीम' म्हणायची.

तिसरा पाइप वीतभराहून लांब दांडीचा. तो मी त्यांच्याकडे गेले की निघायचा.

मी इंग्रजी शाळेत शिकलेली. मराठी वाक्य आधी मनात जुळवायचं, मग बोलायचं, ही सवय अजून सुटलेली नाही. त्यांच्या घरात सगळे भराभर बोलणारे. मी अडखळले की मामी माझं वाक्य स्वतःच पूर्ण करून मोकळी व्हायची, वर म्हणायची, "हे पोरगी बोलते का तार पाठोते?" सगळे हसायचे. मीही हसायचे आणि गप्प बसायचे.

"मी आले की हाच पाइप का, मामा?" मी एकदा विचारलं होतं.

"याच्यातून धूर थंडा होऊन येते," ते म्हणाले. "अन् हा हातात धराच लागते. मंग दुसरं काई करता येत नाई. बसून आयकाच लागते."

आणि ते ऐकायचे. एक झुरका, मग थांबणं… माझं वाक्य येईपर्यंत. तंबाखू विझली तरी माझं बोलणं तुटू नये म्हणून काडी ओढत नसत. आलेल्या स्थळाला मला नकार द्यायचा आहे, हे मी सर्वांत आधी त्यांनाच सांगितलं. तेवढं सांगेपर्यंत पाइप गार पडला होता. त्यांनी तो उलटा करून तळहातावर ठोकला. "बरं," ते म्हणाले. "पण तुह्या बापाले सांगाचं म्हणजे मले याच्याहून लांब पाइप लागन."

परवाच्या रविवारी अकोल्याला गेले. मला फक्त तो पाइप एकदा नाकाजवळ धरायचा होता. मामीने तिन्ही पाइप कपाटातून काढून समोर ठेवले. चकचकीत दिसत होते.

"आतून कसे कायाकुट्ट झालते! साबन-सोडा टाकून गरम पाण्यानं घासले म्या. त्यायची वस्तू हाये, सोच्छ नोको का?"

लांब पाइप नाकाशी नेला. साबणाचा वास आला. आतला काळा थर मामांनी वर्षानुवर्षं जपला होता. त्याने लाकूड जळत नाही, असं ते सांगायचे. मामीला मी ते सांगितलं नाही. पाइप परत तिच्यासमोर ठेवला.

"काहून व? काय झालं?"

"मामी, मला ना…" एवढं बोलून मी अडकले, आणि सवयीने ती वाक्य पूर्ण करेल म्हणून थांबले. पण ती मामांच्या खुर्चीत बसली. लांब पाइप तिने उचलला आणि ते धरायचे तसाच धरला, तंबाखूची वाटी तळहातात, दांडी बोटांवर. स्वयंपाकघरात दूध ठेवलेलं होतं, ते उतू गेल्याचा वास आला. मी तिकडे पाहिलं. मामी उठली नाही.

"सांग," ती म्हणाली. "मी बसली हावो."