शिरोरेषेची पिन

सगळी इमारत त्यांना होईलकाका म्हणायची. नळ गळतोय? होईल. पंखा कुरकुरतोय? होईल. नळ गळत राहायचा, पंखा कुरकुरत राहायचा, पण काकांचा शब्द कसा ठाम. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यावर तर त्यांच्या उत्साहाला ऊत आला. घरात धड वस्तूंपेक्षा उघडून ठेवलेल्या वस्तूच जास्त झाल्या, असं काकू म्हणायच्या, आणि काकू उगाच बोलणाऱ्यातल्या नव्हत्या.

त्यात एकदा काकांनी माळ्यावरून आपला तरुणपणीचा कॉम्प्युटर उतरवला. टीव्हीला जोडायचा आणि कॅसेटवरून चालणारा. सोबत रिबनवर बारीक पिना आपटून अक्षरं उठवणारा प्रिंटर. जेवणाचं टेबल गेलं, दोघं मांडीवर ताट घेऊन जेवू लागली. कीबोर्डची बटणं साबणाच्या पाण्यातून निघून थेट काकूंच्या भरतकामाच्या कापडावर वाळत पडली. कॅसेट लावली की अशी किंचाळायची, की शेजारच्या बाई कोणाला लागलं का म्हणून विचारून जायच्या. वाळलेल्या रिबनला काकांनी शिक्क्याची शाई पाजली. त्यात त्यांचे कान कसे जांभळे झाले, ते मात्र कोणालाच कळलं नाही.

काकूंचा वेगळाच बेत चालला होता. त्यांना भरतकामाचा क्लास काढायचा होता. लग्नापासून मनात होतं; आधी मुलं, मग सासूबाईंचं आजारपण, राहूनच गेलं. आता बाहेरच्या खोलीत चार मुली बसवायचं त्यांनी ठरवलं. जाहिरात कोपऱ्यावरच्या दुकानात चुटकीसरशी छापून मिळाली असती. पण काकू म्हणाल्या, "अहो, तुमचं यंत्र पहिल्यांदा काही छापणार असेल, तर माझंच छापा."

काकांना इतकं भरून आलं की ते 'होईल' म्हणायलाही विसरले.

देवनागरीचा प्रोग्रॅम त्यांनी स्वतःच पूर्वी चौकटीच्या कागदावर ठिपका ठिपका मांडून केलेला. प्रिंटर करकरला, कागद बाहेर आला, काकांनी तो डोळे भरून पाहिला. वाचला मात्र नाही, कारण काय लिहिलंय ते त्यांना ठाऊकच होतं. तसाच नेऊन जिन्याखालच्या फळ्यावर लावला.

दुसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरचे डॉक्टर हसू दाबत दारात उभे. हे मरतकाम म्हणजे नक्की काय, त्यांनी विचारलं, कारण आपण दवाखान्यात तेच करतो असं कंपाउंडरबाईंचं म्हणणं आहे.

काका धावत खाली गेले. नऊ पिनांपैकी एक अडकली होती, आणि ती नेमकी शिरोरेषा काढणारी. बोडक्या अक्षरांत भ चा म झाला होता आणि घ चा ध. 'धरच्या धरी मरतकाम शिकवले जाईल.'

इमारत पोट धरून हसली. काकू हसल्या नाहीत. क्लासची चौकशी करायला कोणी फिरकलं नाही. काकांना तेच फार लागलं. इतक्या वर्षांत बायकोने एक काम विश्वासाने सोपवलं, तर त्याचं आपण मरतकाम करून ठेवलं. ते आतल्या खोलीत प्रिंटरचं डोकं उघडून बसले, पिना स्पिरिटमध्ये भिजवल्या, पुसल्या, पुन्हा भिजवल्या. जेवायलाही बोलवावं लागलं.

तोवर काकूंनी फळ्यावरचा कागद काढून आणला होता. लाल दोरा ओवून त्यांनी अक्षरांवर शिरोरेषा घातली, बारीक टाक्याची, भ च्या डोक्यावर तेवढी फट सोडून. घ ला मात्र सलग. मग कागद होता तिथे परत लावला.

पिन सुटली तसे काका ताजा कागद फडकावत बाहेर आले. "झालं," ते म्हणाले. हा शब्द त्यांच्या तोंडून त्या घराने प्रथमच ऐकला. पण बाहेरच्या खोलीत तीन मुली आणि कंपाउंडरबाई सतरंजीवर बसल्या होत्या. फळ्यावरचं ते कोणी केलं आणि आम्हाला शिकवाल का, हे विचारायला आल्या होत्या.

काकूंनी नवा कागद हातात घेतला. वरून खालपर्यंत वाचला.

"सुरेख आलंय हो," त्या म्हणाल्या. "आता ती पिन परत अडकवा. ह्यांना पहिला धडा शिरोरेषेचाच द्यायचाय. बोडकी अक्षरं हवीत मला, चौघींना पुरतील एवढी."

काका आयुष्यात पुऱ्या झालेल्या त्या एकुलत्या एका दुरुस्तीकडे बघत राहिले.

"होईल," ते म्हणाले, आणि मुलींच्या सुया ओवून व्हायच्या आत त्यांनी करूनही टाकलं.