युसुफचाचांची टेप

युसुफचाचा माणसाच्या तोंडाआधी त्याच्या मापाकडे बघत. मुदखेडच्या शाळेत मी रुजू झाले त्या दिवशी शेजारचे हे शिंपी माझ्या नमस्काराला उत्तर म्हणून म्हणाले, "बाई, डावा खांदा उतरता हाय तुमचा." मला रागच आला होता. पुढं पंचवीस वर्षं माझे ब्लाउज त्यांनीच शिवले आणि एकाचाही खांदा कधी घसरला नाही.

मागच्या वर्षी त्यांचं हृदय थकलं. पाय सुजले, बोटानं दाबलं की खड्डा राहायचा. नांदेडच्या डॉक्टरांनी लघवीच्या गोळ्या दिल्या आणि सकाळी चढवायचे दाबाचे घट्ट मोजे. चाचींच्या हातात तेवढा जोर नव्हता, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. चाचा रोज पोटरीला टेप लावत आणि आकडा खडूनं दुकानाच्या भिंतीवर लिहीत. पंधरा, साडेचौदा, चौदा. "टेप खोटं बोलत न्हाई," म्हणत.

पायांची सूज उतरली तसे मोजे ढिले झाले. शिंपीच तो, मशीनवर बसून दोन्ही मोजे त्यांनी शिवण आत घेऊन आणखी घट्ट केले. आणि मी शहाणी, मुलांना विज्ञान शिकवणारी, ते मुकाट्यानं ओढून चढवत राहिले. आठवडाभरात आडवं झालं की त्यांना धाप लागू लागली.

"पाय तर बारीक झाला, बाई. मग पाणी गेलं कुठं?"

त्यांनी छातीला टेप गुंडाळली आणि आकडा मला वाचायला लावला. छत्तीस, नेहमीचाच.

नांदेडला डॉक्टरांनी आधी मोजे उतरवले. इतक्या घट्ट मोज्यांनी पायातलं पाणी वर ढकललं गेलं तर हे हृदय ते पेलणार नाही, म्हणाले. म्हणजे मोज्यांमुळेच झालं का, असं मी दोनदा विचारलं. असेल, नसेलही, हृदय मुळातच थकलंय, एवढंच त्यांनी सांगितलं. त्या उत्तराचं काय करायचं ते मला कळलं नाही.

घरी आल्यावर चाचा मोजे मांडीवर घेऊन एकेक टाका उसवत बसले. मी चढवले नसते तर, असं मी पुटपुटले. मान वर न करता ते म्हणाले, "चढवले तुमी, पण शिलाई माझी हाय. शिलाईचा दोष गिऱ्हाइकावर टाकत न्हाईत."

महिन्याभरात ते गेले. भिंतीवरचे आकडे चाची कुणाला पुसू देत नाहीत. शाळेत जाता-येता मी ते वाचते. पंधरापासून तेरापर्यंत, दोन इंच. ते दोन इंच कुठं गेले, हे मला अजून सांगता येत नाही. दोष माझा नाही असं चाचा स्वतः सांगून गेले, तरी पटत नाही.