तपासणीच्या तबकडीवरचे पहिले तीन सूर

मी मुळातच शंकेखोर माणूस. मेथीची जुडी घेतली तरी सोडून आत काय आहे ते पाहतो. शेगावात स्टेशनच्या बाजूला माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, तेव्हा गिऱ्हाईक म्हणायचं, ‘काल चांगला चालू होता,’ आणि मी मनात म्हणायचो, पाडला असशील. दुकान बंद झालं, पण जुने ग्रामोफोन जमवायचा नाद राहिला आणि शंकाही राहिली.

या स्वभावाला शोभेल अशी एक वस्तू माझ्याकडे आहे. ग्रामोफोन तपासायची तबकडी. तिच्यावर गाणं नाही. एक साहेब इंग्रजीत आकडा सांगतो, मग नुसता एक सूर वाजतो. पुन्हा आकडा, पुन्हा सूर. सुरुवात शिट्टीसारख्या बारीक सुरांनी, शेवट म्हशीच्या हंबरण्याइतक्या जाड सुरांनी. जो सूर ऐकू येणार नाही, तिथे यंत्र कमी पडतं. माणूस खोटं बोलेल, ही तबकडी बोलणार नाही, असं मी येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचो. मात्र गेली काही वर्षं नवं यंत्र घेतलं नव्हतं, म्हणून ती कपाटातच होती.

मागच्या हिवाळ्यात माझ्या सगळ्यात चांगल्या यंत्राचा साउंडबॉक्स, म्हणजे सुईच्या थरथरीचा आवाज करणारी डबी, खरखरायला लागली. जळगाव जामोदला माझा मित्र असतो. तीस वर्षं आम्ही शेगावच्या दुकानात पाठीला पाठ लावून काम केलं. आता तो घरी बसून घड्याळं नि ग्रामोफोन दुरुस्त करतो. डबीतली रबराची कडी बदलायला मी त्याच्याकडे दिली. देण्याआधी मात्र आतल्या अभ्रकाच्या चकतीच्या कडेला बायकोच्या नेलपॉलिशचा बारीक ठिपका दिला. तसं जुनं अभ्रक आता मिळत नाही. कोणाचीही नियत फिरेल. हो, मित्राचीही.

डबी परत आली. खरखर गेली होती. मी तबकडी लावली. साहेबाने आकडा सांगितला आणि पुढे काहीच नाही. दुसरा आकडा, काही नाही. तिसऱ्यालाही तेच. चौथ्याला कुठे सूर आला. माझ्या मनात पाल चुकचुकली. डबी उघडली, तर ठिपका जागच्या जागी. शहाण्या माणसाचं समाधान झालं असतं. मला वाटलं, याने ठिपकाही हुबेहूब दिला. नेलपॉलिश काय, जामोदच्या बाजारात मिळतंच.

फोन लावला. “चकती बदलली तू. माही चकती वापस दे.”

तो एवढंच म्हणाला, “बरं. येऊन घेऊन जाय.” चोर कबूल झाला, असं मी धरून चाललो.

निघण्याआधी खात्री करावी म्हणून सकाळी तबकडी पुन्हा लावली. पहिला आकडा झाला, आणि बायको स्वयंपाकघरातून ओरडली, “आहो, बंद करा ना ते! कानात सुई टोचल्यावानी होऊन राह्यलं.”

“काय बंद करू? काहीच तर वाजून नाही राह्यलं.”

ती पिठाचे हात तसेच घेऊन दारात आली आणि माझ्याकडे पाहत राहिली. मी सुई उचलून पुन्हा सुरुवातीला ठेवली. तिने दोन्ही कानांवर मनगटं दाबली. तिसरा सूर संपेपर्यंत ती तशीच उभी होती, आणि मला फक्त सुईची घासघास ऐकू येत होती.

आधी तिच्यावरही संशय आला, हे लपवत नाही. मित्राने हिला फोन करून फितवलं असेल, असं क्षणभर वाटलं. पण यंत्र ठीक होतं. माझेच कान गेले होते, आणि चोर मी त्याला म्हटलं होतं.

तबकडी मांडीवर धरून बसने जळगाव जामोदला गेलो. रस्ताभर एकच धास्ती, त्याने घरात घेतलं नाही तर? या वयात दुसरा मित्र कुठून आणू?

दार उघडं होतं. तो एक घड्याळ खोलून बसला होता. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, माफी मागितली. त्याने डोळ्यावरचं भिंग काढलं.

“मले ठाऊक हाये बे,” तो म्हणाला. “दोन वर्सापासून. इथं एका घड्याळाचा बारीक गजर वाजून राह्यला होता, अन् तू आपला बोलतच होता.”

“मंग सांगतलं काऊन नाही?”

“मानलं असतं तू? म्हणला असता, हा मशीन बिघडवते अन् माह्या कानाले नावं ठेवते.”

मी अगदी हेच म्हटलं असतं. त्याच्यासमोर मान वर करायची लाज वाटली.

त्याने माझ्या हातातली तबकडी घेतली, स्वतःच्या यंत्रावर ठेवली, चावी भरली. साहेबाने आकडा सांगितला. मला काही ऐकू आलं नाही. मित्राने एक बोट वर केलं आणि सूर संपेपर्यंत तसंच धरलं. दुसऱ्या आकड्यानंतर पुन्हा. तिसऱ्यानंतर पुन्हा. त्याने उगाचच बोट वर केलं असतं, तरी मला ते कळायला आता काही मार्ग नव्हता.

“हाव,” मी म्हटलं, “वाजून राह्यलं.”